फोटोतल्या माणसाचा सल्ला

द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की आमच्या कॉलेजात परीक्षा येतात. दोन्ही गोष्टी ऑक्टोबरातल्या, त्यामुळे माझ्या डोक्यात त्यांची कायमची गाठ बसली आहे. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना द्राक्षबागा बोडक्या झालेल्या दिसतात. कात्र्या वाजत असतात, छाटलेल्या काड्यांचा हिरवट वास येतो आणि उघड्या पडलेल्या वेलींच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावत बायका ओळीनं पुढं सरकत असतात. साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल, हातात रबरी मोजे. पाठमोरं बघितलं तर बाई कोण आणि बाप्या कोण ते कळत नाही.

मला हे दृश्य आवडतं, आणि आवडतं म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. पेशाच तसा आहे. मी माध्यमांचा अभ्यास शिकवते. आमच्या नात्यागोत्यात याचा अर्थ मी टीव्ही शिकवते असा होतो, आणि 'मग तू टीव्हीत दिसत का न्हाईस?' हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात एकदा तरी ऐकावा लागतो. फोटो समोर आला की तो कुणी काढला, कुणाला उभं केलं आणि कुणाला बाजूला व्हायला सांगितलं, हे मी आधी बघते. बारशाच्या फोटोतसुद्धा बघते. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, अशा बाईबरोबर सेल्फी काढायची म्हणजे पंचनामाच.

सध्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. 'माध्यमे आणि लिंगभाव' हा प्रश्न दरवर्षी असतो आणि दरवर्षी पोरी तेच लिहितात. बाई जन्माला येते, पण बाईसारखं दिसायचं कसं, बोलायचं किती, हे तिला भोवतालची माणसं शिकवतात, आणि माणसांना ते फोटो, बातम्या आणि मालिका शिकवतात. इथपर्यंत ठीक. मग शेवटी यायचं ते वाक्य येतंच: माध्यमांनी स्त्रीला तिचा आवाज मिळवून द्यावा. मी त्या वाक्याला गुण देते, कारण नमुना उत्तरात ते आहे. ते वाक्य मीही एकदा लिहिलं होतं, नुसतं लिहिलंच नव्हतं तर करूनही दाखवलं होतं, आणि मला पहिला वर्ग मिळाला होता.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा. प्रबंधासाठी विषय शोधत मी कळसला आत्याकडं जाऊन राहिले. सिंधूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, वडील तिला अक्का म्हणतात. आजी शेतात असायची, म्हणून वडिलांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनंच. तिच्या नवऱ्याला सगळं गाव तात्या म्हणतं, मीही तात्याच म्हणते. तात्या गरीब माणूस. ट्रॅक्टर चालवावा तर तात्यांनीच, ब्लोअर घेऊन फवारायला निघाले की एक ओळ चुकायची नाही. पण काय फवारायचं, कधी फवारायचं, कुठली फूट ठेवायची आणि कुठली काढायची, हे सगळं आत्याच्या डोक्यात. ती पान उलटं करून उन्हाकडं धरायची आणि डोळे बारीक करून बघायची. बाग तिची होती. सातबारा तात्यांचा होता, व्यापारी तात्यांशी बोलायचे, आणि तात्या सकाळी चहाबरोबर पाठ केलेलं दुपारी त्यांना सांगायचे.

आत्याला एकच गोष्ट पाहिजे होती. तालुक्यातल्या द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता, दोन-अडीचशे माणसांचा. कुठं पाऊस आला, कुठल्या शिवारात डाऊनीची बुरशी दिसली, कुणी काय मारलं, सगळं त्यात यायचं. हे यायचं तात्यांच्या फोनवर, आणि तात्या फोन घेऊन डेअरीवर. ते घरी येईपर्यंत पाऊस पडूनही गेलेला असायचा. आत्यानं स्वतःचा फोन घेतला आणि गट चालवणाऱ्या अण्णांना जाऊन गाठलं. मी बरोबर होते.

"माझा बी नंबर टाका की त्यात."

अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "वयनी, समदी बापय माणसं हायती त्यात. पोरं काय बी टाकत्यात. तुमालाच अवघड हुईल."

"मला न्हाय अवघड व्हायचं."

"तात्या हायेत की गटात. येकच झालं की ते."

घरी येताना आत्या कालव्याच्या कडेनं भराभर चालत होती. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "तीस वरसं बाग केली बाय. येकदा तरी कुणीतरी माझ्या नावानं इचारावं, की सिंधूबाई, ह्येला काय मारू?" एवढंच म्हणाली. रडली वगैरे नाही, ती रडणाऱ्यातली नव्हे.

युक्ती मीच काढली. आत्याच्या नंबरला तात्यांचा टोपीतला फोटो लावला, खाली तात्यांचं नाव घातलं आणि अण्णांना कळवलं की तात्यांनी नंबर बदलला. अण्णांनी पाच मिनिटांत गटात घेतलं. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "घ्या की माझं नाव, तसं बी मोकळंच असतंय."

आणि मग मजा सुरू झाली. आत्या दुपारी जेवण झाल्यावर पडवीत पाय पसरून बसायची आणि एका बोटानं लिहायची. कुणी रोगट पानाचा फोटो टाकला की ती तो मोठा करून बघायची, मला 'जरा सरक, उजेड अडतोय' म्हणायची, आणि दोन ओळींत उत्तर द्यायची. उगीच पाल्हाळ नाही. आठवड्याभरात माणसं तात्यांचं नाव घेऊन विचारायला लागली. पंधरा दिवसांत तात्यांना स्टँडवर चहा मिळायला लागला. "तात्या, तुमी सांगितलं म्हून वाचली बाग." तात्या मान हलवायचे आणि घरी येऊन विचारायचे, "मी काय सांगितलं हुतं गं?"

त्या दिवसांत मला तात्यांचा संशय यायला लागला. स्टँडवरून येताना ते जरा ताठ चालतात असं मला वाटायचं. टोपीला नीळ जास्त पडायला लागली होती. आयत्या बिळावर नागोबा, मी वहीत लिहून ठेवलं. माझ्या वहीत तेव्हा फार हुशार वाक्यं असायची. आत्याची ओळख पुसली जातेय, पुरुषाचा चेहरा तिच्या ज्ञानावर बसलाय, वगैरे. चेहरा मीच बसवला होता, हे मात्र वहीत कुठं नव्हतं. आणि आत्या खूश होती, हेही नव्हतं. माणसं तिलाच विचारत होती, फक्त तिच्या नावानं नव्हे. तिला अर्धी भाकरी मिळाली होती, आणि पूर्ण भाकरी मिळवून देणारी मी कोण, तर प्रबंधाला शेवटचं प्रकरण कमी पडत असलेली विद्यार्थिनी.

नोव्हेंबरात बागा फुलोऱ्यात आल्या. फुलोऱ्यातल्या द्राक्षाला फार मंद वास असतो, सकाळी ऊन चढायच्या आधी घडाजवळ नाक नेलं तर येतो. याच वेळी पाऊस झाला तर घड कुजतात, डाऊनी येते, आणि वर्षाची मेहनत आठ दिवसांत काळी पडते. आभाळाकडं बघायचे दिवस ते. नेमके त्याच दिवसांत शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या एका चॅनेलची दोन माणसं 'यशस्वी बागायतदार' म्हणून तात्यांना शोधत कळसला आली. तात्या पार घाबरून गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, त्यांला म्हणावं मला काय येत न्हाय. कॅमेऱ्याम्होरं माझी बोबडी वळती."

मग मी त्या माणसांना खरं ते सांगितलं. सगळं. नंबर कुणाचा, फोटो कुणाचा, सल्ला कुणाचा. त्यातल्या निवेदकाचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो म्हणाला, "अहो मॅडम, ही तर स्टोरी आहे!" मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस माझ्या आयुष्यातला. मी विरघळले, दुसरं काय.

चित्रीकरण कसं झालं ते मी अजून वर्गात सांगते, आत्याचं नाव न घेता. आत्या बागेत होती तशी आली, साडीवर तात्यांचा निळा शर्ट. निवेदक म्हणाला, "मावशी, शर्ट काढा. बाई वाटली पाहिजे." आत्या म्हणाली, "आन् आता काय वाटती?" शेवटी शर्ट निघाला, ठेवणीतली पैठणी आली, पदर डोक्यावर आला. मग त्यांना तिच्या हातात काहीतरी हवं होतं. नोव्हेंबरात द्राक्षाला द्राक्ष नसतं, पण रिकामं क्रेट कमरेवर घेऊन तिला तीन वेळा त्याच ओळीतून चालायला लावलं. तात्यांना कडेला, जरा मागं आणि जरा धुरकट उभं केलं. आत्या मधेच थांबून पान उलटं करून बघायला लागली, तर निवेदक ओरडला, "मावशी, खाली नाही, समोर बघा, समोर!" त्या पानाच्या मागच्या बाजूला तिला काय दिसलं ते त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ती माणसं गेल्यावर आत्या शर्ट घालता घालता म्हणाली, "ते आठ दिस तरी टाकू नगं म्हणावं. वारं फिराय लागलंय. पाऊस हुईस्तवर थांब."

"पावसाचा काय संबंध आत्या?"

"लोकान्ला फवारू दे आधी. मग टाका तुमचं काय ते. मग माझं नाव लावा, फोटू लावा, समदं लावा."

मी ऐकलं आणि मला वाटलं, भ्याली. तात्यांनी दम दिला असेल. नाहीतर अंगात मुरलेलं बायकीपण असेल, पुढं यायची वेळ आली की पाय मागं ओढणारं. माझ्या पुस्तकांत त्याला नावंही होती. तीस वर्षं आभाळ वाचणारी बाई आभाळाबद्दल बोलतेय, एवढा साधा अर्थ मला सुचला नाही. दुसऱ्या दिवशी निवेदकाचा फोन आला, टाकू का? प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली होती. मी म्हटलं, "टाका."

'तात्यांच्या नावामागं लपलेली वाघीण!' असं व्हिडिओचं नाव होतं. मागं ढोल वाजत होते. आत्यानं तो एकदा बघितला. "वाघीण कशापायी? मी करपा वळकती, डाऊनी वळकती, येवढंच." मी मोठ्या उत्साहानं तिच्या नंबरवरचा तात्यांचा फोटो काढला आणि तिचा लावला, पैठणीतला. गटात संध्याकाळपर्यंत धमाल चालली होती. हसणारी तोंडं, 'तात्या, घरात कुणाचं राज्य हाय ते कळलं', 'आमी बाईमाणसाच्या सल्ल्यानं बाग केली व्हय!' दोघाचौघांनी अभिनंदनही केलं. आत्या ते वाचत होती, मी तिच्याकडं बघत होते. ती थोडी हसली होती, हे मला पक्कं आठवतं. का मी तसं आठवून घेतलंय, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पूर्वेचा झाला. हवा दमट, अंगाला शर्ट चिकटत होता. आत्यानं गटात लिहिलं: उद्या पाऊस येणार, बाग फुलोऱ्यात असेल त्यांनी आज दिवस मावळायच्या आत फवारून घ्यावं. काय फवारायचं तेही लिहिलं. पंधरा दिवसांपूर्वी याच मेसेजवर पन्नास अंगठे आले असते. दोन तास कुणी काही बोललं नाही. मेसेज वाचल्याच्या खुणा तेवढ्या येत राहिल्या. मग एकानं लिहिलं, 'तात्यांचं काय मत?'

तात्यांना लिहिता येत नव्हतं फोनवर. त्यांनी आत्याचा फोन तोंडाजवळ धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा गटात बोलले, "आवो ती सांगती तसं करा. तिला कळतंय." ज्यांचा मी महिनाभर संशय घेतला ते हे तात्या. त्यावर लगेच उत्तर आलं: 'बायकूनं बोलायला लावलेलं दिसतंय.' आणि पुन्हा हसणारी तोंडं.

आत्यानं फोन ठेवला, शर्ट चढवला आणि तात्यांना ब्लोअर जोडायला सांगितलं. त्यांची बाग दुपारीच फवारून झाली. जाता जाता ती मला म्हणाली, "तुझ्या बापाला फोन लाव. त्यानं मारलं का इचार."

माझ्या वडिलांची कन्हेरीला दीड एकर बाग आहे, तीही तेव्हा फुलोऱ्यात होती. ते गटात होते. मी फोन लावला. ते म्हणाले, "वाचलं गं. पर जरा आणखी कुणाला तरी इचारतो. समदे थांबल्यात." मी म्हटलं, अहो, आत्या सांगतेय. ते म्हणाले, "ते खरं गं. बघतो." ज्या बहिणीच्या कडेवर वाढले तिच्याबद्दल हे बोलणं. ते आणखी कुणाला तरी विचारत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. एकदा आला तो दोन दिवस थांबून थांबून पडतच राहिला.

आठवड्यानं मी कन्हेरीला गेले तेव्हा वडील बागेत उकिडवे बसले होते. घड हातात धरला की भुकटी व्हायची. पांढुरकी लव आलेली, मग तपकिरी, मग काळी. तशा बागा त्या वर्षी पुष्कळांच्या गेल्या. कुणी सिंधूआत्याचं नाव काढलं नाही, ना चांगलं ना वाईट. आत्या स्वतःहून गटातून बाहेर पडली. मी तिची माफी मागायला गेले तर ती घडांची विरळणी करणाऱ्या बायकांना पाणी देत होती. म्हणाली, "तुझा अभ्यास झाला का पुरा?" तिनं हे टोचून विचारलं होतं का खरंच काळजीनं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि मी सगळ्यात जास्त संशय त्याच वाक्याचा घेत आले आहे. प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. शेवटच्या प्रकरणाचं परीक्षकांनी विशेष कौतुक केलं.

याला आता बरीच वर्षं झाली. यंदा पुन्हा फुलोरा आहे. रविवारी उत्तरपत्रिका पिशवीत टाकून मी कन्हेरीला गेले. उसाच्या गाड्या सुरू झालेल्या, रस्त्यावर पाचट उडत होतं. वडील ओट्यावर फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"आबा म्हणत्यात आजच फवारा," ते म्हणाले.

"कोण आबा?"

"हायेत गटात. शेळगावचे. दोन वरसं झाली, येकदा बी चुकल्यालं न्हायत."

मी फोन घेतला. फेटा, पांढऱ्या मिशा, करडी नजर. जुना फोटो, भिंतीवरच्या तसबिरीचा काढलेला. कडेला हाराच्या दोन पाकळ्या कापायच्या राहून गेल्या होत्या. त्या तसबिरीखाली बसून मी एके काळी महिनाभर जेवले होते. ते आत्याचे सासरे. त्यांना जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील. खाली मेसेज होता दोन ओळींचा, पाल्हाळ नसलेला. त्याखाली अंगठेच अंगठे.

माझा चेहरा बदलला असावा. वडील फोन परत घेत म्हणाले, "काय बोलू नगंस."

"तुम्हाला माहीत आहे?"

"शेळगावात असला आबा न्हाय. मी इचारून आलोय. निम्म्या गटाला म्हाईत हाय. तवा बी म्हाईत हुतं. तात्याला डाऊनी कळती व्हय? मला पयल्याच दिशी कळलं हुतं अक्का बोलती म्हून. फवारत हुतो की गपगुमान."

"मग त्या दिवशी का नाही फवारलं?"

पूर्वेकडून वारा येत होता, अंगणातल्या दोरीवरचे कपडे एका बाजूला झुकले होते.

"तू उघडं केलंस ना समदं. अडीचशे माणसांत बाईचं ऐकल्यालं दिसलं असतं. फोटू बाप्याचा असला की ऐकताना जड जात न्हाय."

मला त्यांचा राग आला. इतका की उठून निघून जावंसं वाटलं. मग आठवलं की बाग गेली होती ती त्यांची, आणि 'टाका' म्हणाले होते ती मी. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून झाकून ठेवायची, आणि झाकलेली आहे तोवर तिच्या सांगण्याप्रमाणे वागायचं, ही कुठली रीत? असं काही आमच्या अभ्यासक्रमात नाही. कळसला पडवीत बसलेल्या त्या बाईनं हे कधीच ओळखलं असणार. तिनं यावेळी कुणालाही विचारलं नाही, मला तर नाहीच.

वडिलांनी एका बोटानं लिहिलं, 'बरं आबा,' आणि हात जोडल्याचं चित्र लावलं. फोन खिशात टाकून ते ब्लोअर जोडायला उठले. एकदा तरी 'बरं अक्का' असं लिहून बघा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ढग भरून आले होते आणि बाग अजून फवारायची होती, म्हणून मी गप्प बसले.